जे दुसरं कुणी करणार नाही ते: जॉन स्टुअर्ट मिलची वेस्टमिन्स्टरमधली तीन वर्षं

१८६५ साली लंडनच्या वेस्टमिन्स्टर मतदारसंघातल्या काही मतदारांनी जॉन स्टुअर्ट मिलला विचारलं, आमच्यातर्फे पार्लमेंटला उभे राहाल का? मिलने उत्तरादाखल एक पत्र लिहिलं, आणि तेही छापण्यासाठीच. पार्लमेंटात जायची मला स्वतःला हौस नाही. मी दारोदार मतं मागत फिरणार नाही आणि निवडणुकीवर पैसा खर्च करणार नाही. निवडून आलोच, तर मतदारसंघाच्या स्थानिक कामांसाठी माझा वेळ मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. आणि मताधिकाराबद्दल विचारता म्हणून सांगतो: पुरुषांना ज्या अटींवर तो मिळतो त्याच अटींवर बायकांनाही मिळायला हवा.

एका नावाजलेल्या लेखकाने यावर शेरा मारला की असल्या जाहीरनाम्यावर खुद्द परमेश्वर उभा राहिला तरी पडेल. मिलने तो आत्मचरित्रात मजेने नोंदवला आहे. परमेश्वराचं माहीत नाही, मिल निवडून आला. तीन वर्षांनी त्याच वेस्टमिन्स्टरने त्याला पाडलं. या प्रकरणाबद्दल त्याचं स्वतःचं म्हणणं असं, की मी मुळात निवडून आलोच नसतो तर त्याचं कारण कुणी विचारलं नसतं; पहिल्यांदा आलो कसा, आणि एकदा आल्यावर पुन्हा पडलो का, हे मात्र विचारण्यासारखं आहे.

मिल उपयुक्ततावादी. कृती चांगली की वाईट हे तिच्या परिणामांवरून ठरवायचं, आणि परिणाम मोजायचे ते जास्तीत जास्त लोकांच्या सुखाने, असं सांगणाऱ्या पंथाचा तो त्या काळातला सर्वांत मोठा प्रवक्ता. अशा माणसाच्या हातात खासदारकी आली तर तो तिचं काय करतो, आणि त्याच्याच मापाने मोजलं तर हिशेब कसा दिसतो, हे इथे पाहायचं आहे.

माणूस

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो, कारण ती बहुतेकांना ठाऊक असते. जन्म २० मे १८०६, लंडन. वडील जेम्स मिल, हिंदुस्थानात पाऊल न ठेवता ‘ब्रिटिश हिंदुस्थानचा इतिहास’ लिहिणारे गृहस्थ. त्यांचे गुरू आणि स्नेही जेरेमी बेंथम. या दोघांनी मुलाला पंथाचा वारसदार म्हणूनच घडवलं: तिसऱ्या वर्षी ग्रीक, आठव्या वर्षी लॅटिन. विशीत तो मानसिकदृष्ट्या कोलमडला आणि कवितेच्या आधाराने सावरला. पुढे त्याने बेंथमच्या सुखाच्या गणितात एक मोठी दुरुस्ती केली. सुखं नुसती मोजून भागत नाही, त्यांत वरची आणि खालची अशी प्रतही असते, असं तो म्हणू लागला.

सतराव्या वर्षी तो ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन कचेरीत लागला आणि १८५८ मध्ये कंपनीचा कारभार संपेपर्यंत तिथेच होता. देशी संस्थानांशी चालणाऱ्या पत्रव्यवहाराचे मसुदे त्याच्या टेबलावरून जात. हिंदुस्थानात तोही कधी आला नाही. म्हणजे पस्तीस वर्षं हा माणूस सरकारी नोकरी करणारा लेखक होता. निवडणूक, पक्ष, सभागृह यांचा अनुभव शून्य. १८५१ साली आयर्लंडमधून उमेदवारीची विचारणा झाली होती, पण कंपनीच्या नोकरीत राहून ते जमण्यासारखं नव्हतं.

त्याच वर्षी त्याने हॅरिएट टेलरशी लग्न केलं. लग्नाआधी एका कागदावर सही करून ठेवली की बायकोच्या देहावर, मालमत्तेवर आणि स्वातंत्र्यावर कायदा नवऱ्याला जे हक्क देतो ते मला मान्य नाहीत आणि मी ते कधीही वापरणार नाही. कायद्याच्या दृष्टीने या कागदाला कवडीची किंमत नव्हती. तरी त्याने तो लिहिला. १८५८ च्या नोव्हेंबरात हॅरिएट फ्रान्समधल्या आव्हिन्यों इथे वारली. मिलने स्मशानाजवळच घर घेतलं आणि वर्षातले बरेच महिने तो तिथे राहू लागला. वेस्टमिन्स्टरच्या मतदारांनी विचारणा केली ती अशा माणसाला.

पहिली निवडणूक

मतदानाला आठवडा उरेपर्यंत मिल प्रचारात दिसलाच नाही. मग थोड्या सभा घेतल्या. धर्माबद्दल प्रश्न विचारू नका, उत्तर मिळणार नाही. बाकी काहीही विचारा, असं त्याने सांगून ठेवलं होतं.

यातली एक सभा मुख्यतः कामगारांची होती. विरोधकांनी मिलच्या एका जुन्या पुस्तिकेतलं वाक्य शोधून फलकावर छापलं होतं. इंग्लंडमधल्या कामगारांना खोटं बोलण्याची निदान लाज तरी वाटते, पण एकंदरीत ते खोटारडेच, अशा अर्थाचं ते वाक्य. सभेत फलक पुढे करून विचारण्यात आलं, हे तुम्ही लिहिलंय का? मिल म्हणाला, “हो, लिहिलंय.” पुढे एक शब्द नाही. सारवासारव नाही, संदर्भ तोडल्याची तक्रार नाही. क्षणभराने सभेत टाळ्यांचा कडकडाट झाला. नंतर जॉर्ज ऑजर हा चांभारकाम करणारा कामगार पुढारी बोलायला उभा राहिला. आमचे दोष आम्हाला सांगू नयेत अशी आमची इच्छा नाही, आम्हाला मित्र हवेत, भाट नकोत, असं तो म्हणाला.

हा प्रसंग मिलच्या प्रामाणिकपणाचा दाखला म्हणून नेहमी सांगितला जातो. मला त्यात ऑजरची हुशारी जास्त दिसते. त्या सभेतल्या बहुतेकांना मतच नव्हतं. त्यांना हवा होता मताधिकार, आणि सभागृहात त्यासाठी बोलणारा, आपली भीडभाड न ठेवणारा माणूस. जो आपल्याला तोंडावर खोटारडे म्हणतो तो उमरावांनाही तोंडावर बोलेल, हे गणित त्यांना लगेच कळलं.

मिलसाठी काही बायकाही रस्त्यावर उतरल्या. स्त्रियांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या बार्बरा बोडिशन, एमिली डेव्हिस आणि त्यांच्या मैत्रिणी भाड्याच्या घोडागाडीला फलक लावून वेस्टमिन्स्टरभर फिरल्या. यामुळे मिलचं भलं होतंय की नुकसान, अशी शंका डेव्हिसबाईंनाच आली. कारण त्यांच्या एका परिचिताने मिलचं वर्णन ऐकलं होतं: “तोच ना, ज्याला पार्लमेंटात पोरी बसवायच्यात?”

वेस्टमिन्स्टरच्या दोन जागा होत्या आणि प्रत्येक मतदाराला दोन मतं. निकाल असा लागला: ग्रोव्हनर ४,५३४, मिल ४,५२५, डब्ल्यू. एच. स्मिथ ३,८२४. रॉबर्ट ग्रोव्हनर मिलप्रमाणेच उदारमतवादी, पण घराणं मात्र लंडनच्या उंची वस्तीतल्या बड्या जमीनदारांचं. स्मिथ हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाच्या बाजूचा. आपल्याकडच्या फलाटांवर व्हीलरचे स्टॉल असतात तशा इंग्लंडभरच्या रेल्वे स्टेशनांवरच्या पुस्तकविक्रीचा तो मालक. दोन उदारमतवाद्यांमधला फरक अवघ्या नऊ मतांचा होता. हा आकडा पुढे लागणार आहे.

सभागृहातला नियम

सभागृहात आल्यावर मिलने स्वतःसाठी एक नियम घालून घेतला. जे काम दुसरं कुणी तितकंच चांगलं, किंवा पुरेसं चांगलं, करू शकेल त्यात आपण पडायचं नाही. त्याने हे आत्मचरित्रात स्वच्छ सांगितलं आहे, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणाची किल्ली इथे आहे. उपयुक्ततावादी माणसाने वेळेचा हिशेब असाच करायचा. ग्लॅडस्टनसारखा उदारमतवाद्यांचा पुढारी ज्या विषयावर बोलणार आहे त्यावर मी बोलल्याने जगात काय भर पडली? काहीच नाही. मग ज्यावर सगळे गप्प आहेत, त्यावर बोलावं.

नियम तर्काला धरून आहे, पण त्याचा एक परिणाम अटळ आहे. लोकप्रिय कामं नेहमीच दुसरं कुणीतरी करतं. उरतात ती नावडती. तीन वर्षं असा नियम पाळल्यावर मतदारापुढे तुमच्या नावाने नुसत्या नावडत्या कामांचा ढीग साचतो.

सुरुवातीला सभागृहाने त्याला फारसं मनावर घेतलं नाही. आवाज बारीक, बोलणं पुस्तकी. हुजूर पक्षाचा पुढारी डिझरायली याने चष्मा सावरून पाहिलं आणि मुलींना शिष्टाचार शिकवायला ठेवलेल्या शिक्षिकेशी त्याची तुलना केली, असं सांगतात. हुजूर पक्षाने त्याच्या पुस्तकातलं एक वाक्य शोधून काढलं, ज्यात त्या पक्षाला सर्वांत मूर्ख पक्ष म्हटलं होतं. १८६६ च्या मे महिन्यात मिलने खुलासा केला: हुजूर पक्षाचे लोक मूर्ख असतात असं मला म्हणायचं नव्हतं, मूर्ख लोक बहुतेक हुजूर पक्षाचे असतात, एवढंच म्हणायचं होतं. त्यानंतर काही काळ सगळे त्याचं ऐकू लागले.

जुलै १८६६ मध्ये हाइड पार्कचं प्रकरण झालं. मताधिकारासाठी भरणाऱ्या सभेवर सरकारने बंदी घातली, जमाव आला, कठडे पडले. दुसऱ्या सभेची तयारी सुरू झाली आणि सरकारने सैन्य सज्ज ठेवलं. मिल कामगार पुढाऱ्यांकडे गेला. त्याने सांगितलं, बळाचा वापर दोन अटी पुऱ्या झाल्या तरच समर्थनीय आहे: क्रांती व्हावी अशी वेळ आली आहे असं तुम्हाला वाटत असेल, आणि ती तडीस नेण्याची ताकद आपल्यात आहे अशी खात्री असेल तर. बरीच वादावादी झाली, पण त्यांनी ऐकलं आणि सभा बंदिस्त सभागृहात झाली. पुढच्या वर्षी उद्यानांतल्या सभांवर कायमची बंदी आणणारं विधेयक आलं, तेव्हा चर्चा लांबवत नेऊन ते बारगळवणाऱ्यांतही मिल होता. दंगल टाळल्याचं श्रेय त्याला कुणी दिलं नाही. दंगलखोरांचा मित्र ही चिठ्ठी मात्र चिकटली.

सफरचंदवालीच्या टोपलीमागून

बायकांच्या मताधिकाराचा प्रश्न मिलने पत्रात मांडला होता, म्हणून तो निवडून आल्यावर बार्बरा बोडिशन वगैरेंनी त्याला विचारलं, आम्ही विनंतीअर्ज केला तर सभागृहात सादर कराल का? मिल म्हणाला, निदान शंभर सह्या आणा. त्यांनी १,४९९ आणल्या. हॅरिएट मार्टिनो, गणिती मेरी सॉमरव्हिल, जोसेफीन बटलर अशी नावं त्यांत होती.

७ जून १८६६ रोजी एमिली डेव्हिस आणि एलिझाबेथ गॅरेट अर्जाची ती गुंडाळी घेऊन वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये आल्या. गुंडाळी एवढी मोठी झाली होती की येणारेजाणारे वळून बघायला लागले. दोघींना अवघडल्यासारखं झालं. तिथे एक सफरचंदवाली बसली होती, तिला विनंती करून त्यांनी गुंडाळी तिच्या मालाखाली लपवली. कशासाठी आहे हे कळल्यावर त्या बाईनेही त्यावर सही करायची इच्छा दाखवली, असं सांगतात. मिल आला, त्याला गुंडाळी काढून दाखवण्यात आली. तो खूश झाला. हे हातात उंच धरून नाचवता येईल, असं काहीसं म्हणाला.

खरी कसोटी पुढच्या वर्षी आली. डिझरायलीचं मताधिकार सुधारणा विधेयक चर्चेत होतं. त्यातल्या एका कलमात ‘पुरुष’ हा शब्द होता. त्याऐवजी ‘व्यक्ती’ हा शब्द घालावा, अशी दुरुस्ती मिलने २० मे १८६७ रोजी मांडली. त्या दिवशी त्याला एकसष्ट वर्षं पूर्ण झाली. एका शब्दाची दुरुस्ती आणि तिच्यावर एक लांब भाषण.

ते भाषण आज वाचलं तरी त्यातली व्यूहरचना दिसते. निसर्गदत्त हक्काची भाषा मिल वापरत नाही, कारण उपयुक्ततावाद्याला ती मान्य नाही. तो सभागृहाच्याच तत्त्वांवर बोलतो. जो कर भरतो त्याला प्रतिनिधी, हे तुमचं तत्त्व ना? मग घर चालवणारी, कर भरणारी, इतरांना नोकरीवर ठेवणारी बाई वगळता कशी? राजकारण बायकांचं काम नाही म्हणता, तर बहुतेक पुरुषांचंही ते काम नाही. दुकानदार काही वर्षांतून एकदा मत देतो म्हणून त्याचं दुकान बंद पडत नाही. बायकांचा नवऱ्यांवर प्रभाव आहेच म्हणता, तर प्रभाव असून जबाबदारी नसणं हीच वाईट गोष्ट आहे. वैद्यकीचा दाखलाही होता: एलिझाबेथ गॅरेटने एका फटीतून वैद्यकीत प्रवेश मिळवला, आणि तिच्यामागून दुसरी कुणी येऊ नये म्हणून ती फट लगेच बुजवण्यात आली.

मग तो एक तक्ता मागतो. दरवर्षी आपल्या पुरुष रक्षणकर्त्यांच्या हातून किती बायका मारहाणीने, लाथांनी, तुडवल्या जाऊन मरतात, याचा आकडा पहिल्या रकान्यात. ज्या प्रकरणांत गुन्हेगार साफ सुटले नाहीत त्यांत काय शिक्षा झाली, ते दुसऱ्यात. आणि त्याच न्यायाधीशाने त्याच सत्रात किती किमतीच्या मालाच्या चोरीला तेवढीच शिक्षा दिली, ते तिसऱ्यात. पुरुषांचं कायदेमंडळ आणि पुरुषांची न्यायालयं बाईच्या खुनाची किंमत किती लावतात, हे मग अंकगणिताने कळेल. बेंथमच्या जमाखर्ची पद्धतीवर ती कोरडी असल्याची टीका होते. इथे त्याच कोरड्या पद्धतीला जी धार आली आहे ती कुठल्याही कळवळ्याच्या भाषणाला आली नसती.

या मागणीची एक मर्यादाही सांगायला हवी. लग्न झालेल्या बाईची मालमत्ता तेव्हा कायद्याने नवऱ्याची होती. त्यामुळे दुरुस्ती मंजूर झाली असती तरी मत मिळालं असतं ते मुख्यतः घर असलेल्या विधवांना आणि अविवाहित बायकांना. मिलला हे ठाऊक होतं. दार किलकिलं झालं तरी पुरे, असा त्याचा हिशेब होता.

मतदान झालं: बाजूने ७३, विरोधात १९६. फारच थोडी मतं पडतील अशी अपेक्षा असताना ७३ पडली. जॉन ब्राइटसारखा दिग्गज बाजूने आला. मिलने पुढे लिहिलं, की पार्लमेंटातल्या माझ्या कामांपैकी खरोखर महत्त्वाचं असं कदाचित हे एकच.

जमैका

बायकांच्या प्रश्नाची सभागृहात थट्टा झाली. जमैकाच्या प्रश्नाने मात्र मिलला शत्रू मिळाले.

ऑक्टोबर १८६५ मध्ये जमैकातल्या मोरँट बे इथे कृष्णवर्णीय शेतकऱ्यांचा उठाव झाला. गव्हर्नर एअरने लष्करी कायदा पुकारला. उठाव लवकरच शमला, तरी सूड आठवडेच्या आठवडे चालू राहिला. चौकशी आयोगाने दिलेले आकडे: ४३९ जणांचा मृत्यू, ६०० वर लोकांना फटके (बायकासुद्धा त्यांत होत्या), हजार घरं जाळली. जॉर्ज विल्यम गॉर्डन हा तिथल्या विधिमंडळाचा सभासद एअरचा राजकीय विरोधक. तो किंग्स्टनमध्ये होता, जिथे लष्करी कायदा लागूच नव्हता. त्याला तिथून उचलून मोरँट बेला नेलं, लष्करी न्यायालयापुढे उभं केलं आणि फाशी दिली.

इंग्लंडमध्ये जमैका समिती स्थापन झाली. एअरवर खुनाचा खटला भरावा या मागणीवरून पहिले अध्यक्ष बाजूला झाले आणि जुलै १८६६ मध्ये मिल अध्यक्ष झाला. डार्विन, हक्स्ले, स्पेन्सर या समितीच्या बाजूला. एअरच्या बाजूला कार्लाइल, रस्किन, टेनिसन, डिकन्स हे लेखक-कवी. कार्लाइल हा मिलचा एके काळचा जिवलग. त्याच्या फ्रेंच राज्यक्रांतीवरच्या ग्रंथाचा पहिला खंड हस्तलिखित असतानाच मिलकडे वाचायला दिलेला होता आणि तो चुकून जळाला, तरी मैत्री टिकली होती. जमैकापर्यंत तिच्यात फार काही उरलं नव्हतं.

मिलचा मुद्दा दुहेरी होता. मेलेल्यांना न्याय हा एक. दुसरा असा, की ब्रिटिश वसाहती, आणि उद्या कदाचित खुद्द ब्रिटन, कायद्याने चालणार की लष्कराच्या मर्जीने? समितीने दोन वर्षं खटले रेटले. खटला चालवावा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळांनी, म्हणजे ग्रँड ज्युरींनी, आरोप पुढे जाऊच दिले नाहीत. मिलला निनावी पत्रं येऊ लागली. अश्लील विनोद आणि चित्रांपासून थेट ठार मारण्याच्या धमक्यांपर्यंत.

मराठी वाचकाला इथे एक प्रश्न पडणारच. १८५७-५८ साली हिंदुस्थानात लष्कराच्या मर्जीने काय काय झालं, ते तेव्हा कंपनीच्या कचेरीत बसलेल्या या माणसाने पाहिलं नव्हतं का? त्या वेळी त्याने लेखणी चालवली ती कंपनीचा कारभार कसा चांगला आहे हे पार्लमेंटला पटवण्यासाठी. ‘स्वातंत्र्य’ या त्याच्या पुस्तकात तर सुरुवातीलाच अपवाद घातलेला आहे, की जे समाज अजून बाल्यावस्थेत आहेत त्यांना हे तत्त्व लागू नाही, त्यांच्यासाठी सुधारणेच्या हेतूने चालवलेली एकतंत्री सत्ता योग्य. म्हणजे जमैकातल्या माणसाला कायद्याचं संरक्षण हवं, पण हिंदुस्थानातल्या माणसाला स्वराज्य नको. आपल्याकडच्या ज्या पिढीने मिलला डोक्यावर घेतलं, तिने हा अपवाद बाजूला सारून त्याचं तत्त्व तेवढं उचललं. टेंभूच्या गोपाळ गणेश आगरकरांनी मिल आणि स्पेन्सर पचवले, आणि पुण्यात जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा पाहण्याची वेळ आली तरी ‘इष्ट असेल ते बोलणार आणि साध्य असेल ते करणार’ हे म्हणणं सोडलं नाही. मिलच्या खासदारकीला यापेक्षा नेमकी कसोटी मला सापडत नाही. इष्ट ते तो बोलला यात वाद नाही. साध्य काय, याचा अंदाज घेण्यात तो कुठे कमी पडला, एवढाच प्रश्न राहतो.

१८६८

शेवटच्या वर्षी त्याने आणखी दोन आघाड्या उघडल्या. एप्रिलमध्ये फाशीची शिक्षा रद्द करण्याच्या प्रस्तावाविरुद्ध तो बोलला आणि स्वतःच्याच गोटातल्यांना चकित केलं. त्याचा युक्तिवाद असा: खुन्याला आयुष्यभर जिवंत गाडल्यासारखं कोंडण्यापेक्षा मृत्यू कमी क्रूर आहे, आणि तरीही लोकांना तो जास्त भयंकर वाटतो, मग धाक तेवढाच आणि यातना कमी. पटो न पटो, तत्त्वाशी सुसंगत होतं.

दुसरी आघाडी निवडणुकीतल्या पैशाची. निकालाला आव्हान देणाऱ्या निवडणूक याचिका आता सभागृहाच्या समितीऐवजी न्यायाधीशांपुढे चालाव्यात असं विधेयक आलं होतं. उमेदवाराचा कायदेशीर खर्चही आटोक्यात आणावा, पगारी प्रचारक बंद करावेत, अशा दुरुस्त्या घेऊन मिल आणि थोडे सहकारी रात्री जागवत होते. त्याच्याच पक्षाचे बहुतेक सभासद तिकडे फिरकले नाहीत. दुरुस्त्या पडल्या. त्या पडल्याचा फटका आधी कुणाला बसणार होता, हे सहा महिन्यांत दिसलं.

नोव्हेंबरची निवडणूक नव्या, मोठ्या मतदारयादीवर झाली. स्मिथने या वेळी हात सैल सोडला. मिलने जुनेच नियम पाळले. शिवाय ऐन निवडणुकीच्या तोंडावर त्याने नॉर्थॅम्प्टनमध्ये उभ्या असलेल्या चार्ल्स ब्रॅडलॉला दहा पौंडांची वर्गणी पाठवली. ब्रॅडलॉ उघड नास्तिक, संततिनियमनाचा पुरस्कर्ता. स्वतःच्या धर्ममतांवर मौन पाळणाऱ्या मिलवर विरोधकांनी लगेच नास्तिकाचा शिक्का मारला. फक्त माझ्या जागेचा विचार करायचा असता तर हे करणं मूर्खपणाचं होतं, असं मिल स्वतःच सांगतो. त्याला किंमत ठाऊक होती आणि ती त्याने मोजली.

निकाल: स्मिथ ७,६४८, ग्रोव्हनर ६,५८४, मिल ६,२८४. स्मिथविरुद्ध याचिका झाली, ती नव्या कायद्याप्रमाणे न्यायाधीशांपुढे चालली आणि फेटाळली गेली.

सहसा याचा अर्थ असा लावतात की पैशाने तत्त्वाचा पराभव केला. आकडे नीट पाहिले तर ते अर्धंच खरं आहे. स्मिथची मतं दुप्पट झाली, त्यामुळे दोन उदारमतवाद्यांपैकी एक जाणार हे ठरलं. पण कोण जाणार हे स्मिथने ठरवलं नाही. १८६५ मध्ये मिल आणि ग्रोव्हनर यांच्यात नऊ मतांचा फरक होता, १८६८ मध्ये तीनशेचा. मतदाराला दोन मतं होती. एक ग्रोव्हनरला आणि दुसरं स्मिथला देणारे, किंवा नुसत्या ग्रोव्हनरला देऊन थांबणारे, काही शे लोक या वेळी निघाले असणार. मिलचा खरा पराभव त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या, फारसं काही न बोलणाऱ्या उमरावाने केला. ब्रॅडलॉ, जमैका, हाइड पार्क आणि बायका या सगळ्यांची मिळून किंमत साधारण तीनशे मतं, असा तो हिशेब मांडता येतो.

आणि ही मतं उघड पडली होती. कोणी कुणाला मत दिलं हे सर्वांना कळत असे. गुप्त मतदान आलं ते १८७२ मध्ये. मिल गुप्त मतदानाच्या विरोधात होता. मत ही लोकांची ठेव आहे, ती लोकांसमोरच वापरावी, असं त्याला वाटे. जमीनदाराच्या आणि गिऱ्हाइकाच्या नजरेखाली मत देणाऱ्या किरकोळ दुकानदाराचा विचार त्याने पुरेसा केला होता असं मला वाटत नाही.

जमा आणि खर्च

मिलच्या नियमाची दुसरी बाजू पराभवानंतर दिसली. जे दुसरं कुणी करणार नाही तेच आपण करायचं असेल, तर कुणीतरी करायला लागल्यावर आपली तिथे गरज संपते. १८७० मध्ये जेकब ब्राइटने बायकांच्या मताधिकाराचं विधेयक आणलं आणि ते दुसऱ्या वाचनापर्यंत पोचलं. पुढे हा विषय सभागृहात वारंवार येत राहिला. १९१८ मध्ये तीस वर्षांवरच्या काही बायकांना आणि १९२८ मध्ये पुरुषांच्या बरोबरीने सर्वांना मत मिळालं. मिलला इतर तीनचार मतदारसंघांतून बोलावणं आलं, त्याने नकार दिला. १८६९ मध्ये त्याचं ‘स्त्रियांची पराधीनता’ हे पुस्तक निघालं. हस्तलिखित कित्येक वर्षं तयार होतं. वेळ योग्य वाटेपर्यंत त्याने ते राखून ठेवलं होतं. खासदार नसताना त्याने कमी काम केलं असं म्हणता येत नाही.

ब्रॅडलॉची वर्गणी १८६८ मध्ये वाया गेली, तो पडला. १८८० मध्ये निवडून आला, शपथेच्या वादात सहा वर्षं झगडत राहिला, आणि डिसेंबर १८८९ मध्ये मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला आला तेव्हा हिंदुस्थानचा पार्लमेंटातला वकील म्हणून लोकांनी त्याचं स्वागत केलं. मिलच्या हिशेबात हे जमेला धरायचं की नाही, यावर दोन मतं असू शकतात. दहा पौंड देताना मिलच्या डोळ्यांपुढे हिंदुस्थान नव्हता.

एक नोंद मात्र मला कुठूनही जमेच्या बाजूला नेता येत नाही. १८६८ च्याच निवडणुकीत स्कॉटलंडमधल्या किल्मार्नॉकमध्ये बूव्हरी नावाचा उदारमतवादी खासदार पुन्हा उभा होता. मिलने त्याच्याविरुद्ध एडविन चॅडविकची शिफारस केली. चॅडविक बेंथमच्या शेवटच्या काळातला चिटणीस, सार्वजनिक आरोग्याच्या कायद्यांमागचा माणूस, सभागृहात हवाच होता हे खरं. पण स्वतःच्याच पक्षाच्या बसत्या खासदाराला, तुमच्यापेक्षा हा जास्त उपयोगी आहे, तुम्ही बाजूला व्हा, असं सांगायचं, आणि तो पत्रव्यवहार वर्तमानपत्रांत छापला जाईल अशी वेळ आणायची! ब्रॅडलॉच्या बाबतीत निदान तत्त्वाचा प्रश्न होता. इथे कुणावर अन्याय होत नव्हता, कुठलं तत्त्व पणाला लागलं नव्हतं, आणि चॅडविक निवडून येण्याची शक्यता जवळजवळ नव्हतीच. बूव्हरी आला, चॅडविक पडला. वेस्टमिन्स्टरमध्ये ज्यांच्या दोन मतांपैकी दुसरं मत मिलला हवं होतं, त्या पक्षनिष्ठ उदारमतवाद्यांनी तो पत्रव्यवहार न्याहारीच्या टेबलावर वाचला.